मी तिला मावशी म्हणाले

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, घरात नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही आमच्या कॉलनीतले नाही, हेच कारण असेल.

विषय तसा साधा आहे. बीएस्सी नर्सिंगला ॲडमिशन घ्यायची की नाही. या वयात! माझ्याबरोबरच्या मुलींची पोरं बालवाडीत जायला लागली आणि मी सीईटी देऊन बसलेय. नंबर लागला, कॉलेज मिळालं, परवा मुदत संपतेय, आणि माझं आपलं तळ्यात-मळ्यात चालूच. सकाळी उठल्यावर वाटतं, जायचंच. अंबडला कंपनीत पोचेपर्यंत वाटतं, कशाला ही नसती उठाठेव? डिस्पॅचला बसून माल पाठवायची चलनं बनवतेय, ते काय वाईट आहे?

लोकांना सांगायचं कारण ठरलेलं आहे — मला रक्त बघितलं की चक्कर येते. बारावीनंतर ही सीट मिळत होती, तेव्हाही हेच सांगून मी ती सोडली आणि बी.कॉम. केलं. पप्पांनी मानलं. आई तर अजून आल्यागेल्याला सांगते, "लय नाजूक हाय ओ ती. तिला नाय बघवत."

धादांत खोटं आहे हे. मागच्या उन्हाळ्यात कंपनीत एका ऑपरेटरचा हात प्रेसमध्ये सापडला. भलीभली माणसं पांढरीफटक पडली, सुपरवायझर नुसताच "गाडी, गाडी" करून ओरडत होता. मी ओढणी काढली, त्याचा हात वर धरून घट्ट आवळला आणि गाडीत त्याच्या शेजारी बसून दवाखान्यापर्यंत गेले. कुर्ता सगळा भरला. चक्कर-बिक्कर काही नाही. उलट — सांगायला लाज वाटते — मला आतून बरं वाटत होतं. आपल्याला हे येतंय, असं. तिथूनच सीईटीचं डोक्यात शिरलं.

मग खरं कारण काय? तिकडेच यायचंय हो. जरा वेळ लागतोय.

माझी आई एका मोठ्या खासगी दवाखान्यात मावशी आहे — म्हणजे होती, ते पुढे सांगते. तुम्ही कधी ॲडमिट झाला असाल तर माहीत असेल. नर्स ती सिस्टर, वॉर्डबॉय तो मामा, आणि चादरी बदलणारी, पेशंटला लघवीचं भांडं देणारी, फरशी पुसणारी ती मावशी. सगळी घरातल्या नात्यांची नावं. आईचं खरं नाव तिथे किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक. आणि मला मिळालेलं कॉलेज त्याच दवाखान्याचं. तेव्हाही तेच होतं. मुलींचं सगळं प्रॅक्टिकल त्याच वॉर्डांमध्ये.

बारावीनंतर कॉलेजने मुलींना आणि पालकांना दवाखाना बघायला बोलावलं होतं. माझ्याबरोबर पालक कुणी नव्हतं, आईची ड्यूटी होती. मी वर्गातल्या एका मैत्रिणीला आणि तिच्या आईला चिकटले. तिची आई शाळेत शिक्षिका. एकदम शुद्ध बोलणार, पर्समधून सारखी बडीशेप काढून देणार. मला त्या फार आवडायच्या. त्यांनी विचारलं, आई काय करते गं तुझी? मी म्हणाले, हेल्थ डिपार्टमेंटला आहे. हेही खोटंच. पण एवढं खोटं कोण बोलत नाही? पुढचं सांगते.

दुसऱ्या मजल्यावर वळलो आणि समोरून आई. अंगात निळा कोट, मळक्या चादरींची ट्रॉली ढकलत येत होती. मी येणार हे तिला माहीत होतं, अख्ख्या वॉर्डाला सांगून ठेवलं असणार. मला बघून तिचा चेहरा असा फुलला — आणि ती तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हणाले, "मावशी, जरा बाजूला घ्या ना."

घ्या. जन्मात कधी मी आईला अहोजाहो केलेलं नाही.

तिने ट्रॉली भिंतीला लावली. म्हणाली, "जा ताई." मी गेले. मागे वळून बघितलं का? नाही. मैत्रिणीची आई म्हणाली, किती नम्र बोलतेस गं तू या लोकांशी! आणि मी — मी हसले हो. खूश होऊन हसले.

त्या संध्याकाळी आई चिडली असती, तर बरं झालं असतं. दोन धपाटे घातले असते, मी रडले असते, मिटलं असतं. तिने रोजच्यासारख्या भाकऱ्या थापल्या आणि मला गरम गरम वाढल्या. पुढे विहारात बारावी पास झालेल्या मुलांचा सत्कार होता, तिथे मात्र बायकांना कौतुकाने सांगत होती, "वॉर्डात आय-बिय काय नस्ती. माझ्या पोरीला ते आधीच कळलं. शिस्तीत मला मावशी म्हनली!" बायका हसल्या. एकीने माझ्या पाठीवर थाप मारली. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

म्हणजे आईला खरंच तसं वाटलं होतं? की माझी बाजू सावरायला तिने ते रचलं? मला कळेना, आणि विचारायची छाती नव्हती. ॲडमिशन मात्र घेतली नाही. चार वर्षं त्या वॉर्डात उभं राहून "मावशी, भांडं आणा" म्हणायचं आणि तिने धावत यायचं? नको रे बाबा. म्हणून ती चक्कर. आईला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून सोडलं, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं. छे! लाज मला वाटत होती. तिची की माझी स्वतःची, ते अजून सांगता येत नाही. आणि नर्स व्हायचंय ते मनापासून, की झालेलं पुसायला? तेही नाही कळत.

या वेळी नंबर लागल्याचं सांगितलं तेव्हा तिने शेजारीपाजारी पेढे वाटले. मग एका सकाळी मी डबा भरत होते, ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू बिनघोर घे ॲडमिशन. मी तिथलं काम सोडते. एका शाळेत झाडलोटीला बाई पायजे म्हनत होते." जुडी संपवली आणि म्हणाली, "मंग तुला मोकळं वाटंल."

म्हणजे तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. आणि तरी इतकी वर्षं ती लोकांना सांगत राहिली, पोरगी नाजूक हाय म्हणून.

तुम्ही काय म्हणाला असता? वेडी आहेस का, काम सोडू नकोस, मी सगळ्यांना सांगेन ही माझी आई आहे. माझ्याही तोंडाशी हे आलं होतं, देवाशपथ आलं होतं. पण त्याच्या आधी मला हायसं वाटलं. आधी हायसं वाटलं, मग लाज वाटली — असं झालं ते. आणि मी डब्याचं झाकण दाबत म्हणाले, "बघ बाई, तुला जमत असेल तर."

काल ती कोट धुऊन, इस्त्री करून परत देऊन आली. वॉर्डातल्या सगळ्यांनी मिळून तिला साडी दिली. त्यांनी विचारलं म्हणे, मावशी, काम का सोडताय? तिने सांगितलं, गुडघे दुखतात.

तिचे गुडघे ठणठणीत आहेत. आणि ॲडमिशनचं माझं अजून ठरलेलं नाही.