घोयऱ्याचा श्रावण

आमच्या ह्यांना अंघोळीनंतर स्वतःचा टॉवेल सापडत नाही, पण परदेशी घोयऱ्यांची, म्हणजे रंग बदलणाऱ्या सरड्यांची, पैदास करायचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. लातुरात आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. नळाच्या तोट्या विकणाऱ्या माणसाला हे वेड कुठून लागलं कोण जाणे. मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि एके दिवशी हैदराबादहून नर-मादीची जोडी घेऊन आले. डोक्यावर उभा तुरा, वीतभराहून मोठं अंग, दोन डोळे दोन दिशांना. नर फुसफुसत होता. मादी मात्र फांदीला धरून गप्प बसली होती. मला ती तेव्हाच आवडली.

गच्चीवरच्या खोलीत जाळीचे दोन पिंजरे लागले. घोयरा भांड्यातलं पाणी पीत नाही, पानावरून थेंब ओघळताना दिसला तरच पितो. म्हणून वर सलाईनची बाटली टांगली. ती भरायची मी, घाण काढायची मी, घोयऱ्यांना चारायला डब्यात पाळलेल्या रातकिड्यांना गाजराचे तुकडे घालायचे तेही मीच. हे फक्त आल्यागेल्याला वर नेऊन भाषण द्यायचे. मुरुडचे त्यांचे मावसभाऊ तर तीनदा भाषण ऐकून गेले बिचारे.

आमचं घर लिंगायताचं. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत. या घरात अंडं कधी आलेलं नाही. आणि इथे पैदास करायला निघालेल्या या शहाण्याला मादी अंडी घालणार हे आईला सांगायचं धाडस नव्हतं. अव्वांनी विचारलं तर म्हणाले, "पिल्लं व्हत्यात अव्वा, मांजरीवानी." मी तोंडावर पदर धरला. हसू येत होतं आणि कीवही.

मादीचं पोट भरून आलं आणि नेमका श्रावण लागला. अव्वा जिन्यात येऊन म्हणाल्या, "श्रावणात माझ्या घरात जीव मारायचा न्हाई. ते किडे भाईर काढा."

मला वाटलं, आता तरी हे तोंड उघडतील. पण हे लगेच, "हाव अव्वा." रातकिड्यांचा डबा उचलला, मागच्या मोकळ्या प्लॉटवर नेला आणि तीर्थ शिंपडावं तसे किडे सोडून आले.

"अवो, तिच्या पोटात अंडी हायत. तिनं खायचं काय?" मी विचारलं.

"जास्वंदाचा पाला खातंय की ते. मी वाचलंय."

"पाला तोंडी लावायला खातंय. तेवढ्यावर अंडी व्हतील का?"

"तुला लई कळतंय. महिनाभर काढल ती."

माझं माहेर कंधारकडचं, शेतातलं. नाकतोडे धरायला मला कुणी शिकवावं लागत नाही. दुपारी प्लॉटवर जाऊन पदरात आणायची आणि तिला चारायची. तिची जीभ सुटली की मला बरं वाटायचं. दोनतीन वेळाच जमलं. ह्यांनी बघितलं आणि सरळ आईला जाऊन सांगितलं. पन्नाशीला आलेला माणूस, बायकोची चुगली आईकडे करतो! खोलीला कुलूप लागलं, किल्ली ह्यांच्या खिशात. रोज जास्वंदाच्या पानांची जुडी घेऊन हे वर जायचे, देवाला वाहिल्यासारखी पिंजऱ्यात ठेवायचे आणि खाली येऊन आईच्या पंगतीला फराळ हाणायचे.

ओल्या वाळूची बादली मी आधीच पिंजऱ्यात ठेवलेली होती, तेवढं एक बरं झालं. तिनं त्यात खणून खणून अंडी घातली. वर आली तेव्हा डोळे खोल गेलेले आणि अंगाची नुसती कातडी राहिलेली. ह्यांनी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले, त्यातच मला ती दिसली. एक किडा मात्र दिला नाही. नर पाल्यावर कसाबसा तगला, पण पोळ्याच्या आधीच्या सोमवारी ती फांदीखाली मरून पडलेली मिळाली. फोटो फिरत फिरत अव्वांपर्यंत गेले होते. त्यांनी नुसतं "अंडी?" म्हटलं, तर ह्यांनी बादलीच नालीत उपडी केली.

नंतर मावसभाऊ भेटायला आले. त्यांच्यासमोर हे डोळे पुसत म्हणाले, "लातूरची हवा मानवली न्हाई तिला."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. "हवेला कशाला नाव ठेवता? उपाशी मारली तुम्ही तिला. आईला न्हाई म्हणायची छाती न्हाई म्हणून."

पाहुणे चहा अर्धा टाकून गेले. हे माझ्यावर रुसले. "चार लोकांत असं बोलतेत का? महिनाभराचा तर प्रश्न व्हता. मला वाटलं, काढल."

मी पोटुशी होते तेव्हाही पाचव्या महिन्यात श्रावण आला होता. अव्वांनी एक वेळच्या जेवणावर ठेवलं होतं. मला उभ्या उभ्या भोवळ यायची. तेव्हा हे दारात उभे राहून हेच म्हणाले होते, "महिनाभराचा तर प्रश्न हाय, काढ." मी काढला, कारण मी रोज ओट्यामागे बसून भाकरी चोरून खाल्ली. लेक धडधाकट जन्मली. आणि हे आजही लोकांना सांगतात, आमच्या अव्वांच्या श्रावणाची पुण्याई.