भानुमतीबाईंची घंटा

मधुसूदनरावांना दुसरं कुठलं व्यसन नव्हतं, म्हणून घरात हे चालवून घेतलं गेलं. कन्नड गावच्या साखर कारखान्यात कारकुनी करायचे. सुट्टीला औरंगाबादला आले की घरी भाजी येवो न येवो, शहागंजच्या बाजारातून रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टरच्या पुड्या हमखास यायच्या. एवढं लागतं कशाला हो, असं कुणी विचारलं की म्हणायचे, घरात असलेलं बरं. आता बनवलं काय म्हणाल, तर एक रेडिओ, तोही खरखरायचा. पण साठा असा की दुकानदारानं लाजावं! औषधाच्या रिकाम्या डब्यांत सगळं निवडून ठेवलेलं. कपाट भरलं तशा पलंगाखाली पेट्या गेल्या. शेजारची सगीरा त्याला 'भानुमती का पिटारा' म्हणायची. भानुमतीबाई हसायच्या आणि म्हणायच्या, नाव तेवढं माझं, हात लावायची सोय नाही.

नोकरी संपवून हे घरी आले आणि वर्ष व्हायच्या आत भानुमतीबाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डाव्या हाताची बोटं तेवढी हलायची. सगीरानं साधी गोष्ट सुचवली, गुलमंडीवरून एक घंटी आणून द्या भाभींच्या हाताशी. यांना भयंकर राग आला.

"विकत आणू? मग आयुष्यभर हे जमवलं ते काय लोणचं घालायला?"

आणि केली की हो घंटा! बटण बाईंच्या हातात, एक छोटा स्पीकर पडवीत आणि भिंतीवरून तार टाकून दुसरा सगीराच्या स्वयंपाकघरात. बाईंनी दाबलं, घंटा वाजली. पुन्हा दाबलं, पुन्हा वाजली. अर्ध्या ओठानं का होईना, बाई हसल्या. इतक्या वर्षांत यांच्या हातून बायकोसाठी झालेलं हे पहिलंच काम. मग काय, उशी सरकली, माशी बसली, कशालाही घंटा. हे कुरकुरत यायचे आणि मनातून सुखावायचे.

काही महिन्यांनी घंटेचा आवाज बारीक झाला. सगीरानं दोनदा सांगितलं. बिघाड कुठं आहे हे यांना न उघडताच कळलं. स्पीकरच्या तारेतला कपॅसिटर. त्याच्या पोटात ओलावा असतो, नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत तो सुकतो. म्हणून ही वस्तू साठवायची नसते, लागेल तेव्हा ताजी आणायची. यांना काय हे ठाऊक नव्हतं? होतं. पण स्वतः निवडून आणलेला, चकचकीत पायांचा, एकदाही न वापरलेला कोरा माल बाद म्हणायला जीभ रेटेना. त्यांनी कपॅसिटर बदलला खरा, पण त्याच डबीतला, त्याच्याच बरोबर आणलेला दुसरा घातला. घंटा वाजली. झालं, म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात शहागंजात जुन्या रेडिओंचं भंगार आल्याचं कळलं. सगीराला घंटेकडं कान ठेवायला सांगून हे गेले. तिथं सुटे भाग काढता काढता दुपार कलली, भान राहिलं नाही. पिशवी भरून परतले तेव्हा भानुमतीबाई अर्ध्या पलंगावर, अर्ध्या खाली लोंबकळत होत्या. लुगडं भिजून वाळलेलं. श्वास चालू होता, डोळे उघडे. अंगठा अजून बटणावर दाबलेला होता.

घरात आवाज नव्हता. यांनी स्पीकरला कान लावला, तेव्हा आत डास गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. सगीरा धावत आली, छाती पिटून रडली. खुदा की कसम, जागची हलले नाही, काहीच वाजलं नाही, म्हणाली. चूक तिची नव्हती, हे यांना ठाऊक होतं.

सकाळी गुलमंडीवरून घंटी आली. अख्खी गल्ली जागी होईल अशी. पण बाईंनी ती दाबली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. अंथरूण ओलं व्हायचं, घसा कोरडा पडायचा, तरी बाई छताकडं बघत पडून राहायच्या. बटण हातात दिलं की बोटं ढिली सोडायच्या. हे दर घटकेला दारातून डोकावायचे.

"दाब ना गं. एकदाच दाब," एका सकाळी ते म्हणाले. बाईंनी डोळे मिटले. यांनी त्यांचा अंगठा आपल्या हातात धरला, बटणावर ठेवला आणि वरून दाबला. घंटी खणखणली.

सगीरा पिठाच्या हातांनी धावत आली. तिचा चेहरा फुलला होता.

"भाभींनी बुलावलं? काय पाहिजे त्यांना?"

"तिनं नाही," मधुसूदनराव म्हणाले. "मी वाजवली."