पुढच्या सीटवर भोपळा

आमच्या वसईच्या बाजूला बाप्तिस्म्याच्या दिवशी गाडीची पुढची सीट धर्ममातेची. नवं लाल लुगडं, मांडीवर बाळ आणि काच खाली, म्हणजे वाटेतल्या बायकांना दिसावं की बाळ कोणाचं आणि मांडी कोणाची. आधी बैलगाडीत बसायचे, मग टॅक्सी आली, रीत तीच राहिली. मला त्यात कधी काही वावगं दिसलं नाही.

मग माझी मुलगी तिची पाच महिन्यांची लेक घेऊन बाप्तिस्म्यासाठी सुट्टीवर आली. ती आखातात नर्स, अपघाताच्या वॉर्डात. येताना तिने साबण आणले नाहीत, बिस्किटं आणली नाहीत, बाळाची गाडीत बांधायची खुर्ची आणली. त्यात बाळाचं तोंड मागे आणि पाठ पुढे. मला ते उलटंच वाटलं.

त्याच वर्षी माझ्या मुलाने जुनी, पण मोठी गाडी घेतली होती. एअरबॅगची गाडी आमच्या आळीत पहिलीच. ‘पुढे दोन पिशव्या आहेत, ठोकर बसली की फुगतात,’ असं तो भाजी द्यायला आलेल्यालाही सांगायचा. डाव्या पिशवीच्या झाकणावर त्याने मारियामातेची मूर्ती चिकटवली होती, कारण तेवढीच जागा सपाट होती. बहिणीने आणलेली खुर्ची त्याने हौसेने पुढच्याच सीटवर बांधली. मामाच्या शेजारी भाचीने बसावं, एवढाच त्याचा विचार.

मुलीने अंगणातून ते पाहिलं आणि हातातलं बाळ माझ्याकडे दिलं.

“दादा, खुर्ची काढ आधी.”

“का? पुढे गार हवा लागते तिला.”

“ती पिशवी फुगली तर खुर्चीच्या पाठीवर आदळेल. तिचं डोकं तिथेच असतं. आणि माताही काढ, नाहीतर ती पुढे बसणाऱ्याच्या कपाळात येईल.”

“फादरांनी आशीर्वाद दिलाय तिला.”

“मग घरात ठेव. आपल्या भिंती फुगत नाहीत.”

माता घरात आली, क्रुसाशेजारी बसली. पण मुलगा हरणाऱ्यातला नाही. तो सातिवलीच्या बाजूला एका गॅरेजात गेला आणि दोन्ही पिशव्यांच्या वायरी काढून आला. गाडीत एक लाल दिवा पेटलेला राहायला लागला. “झालं. आता बाळाला खुर्चीत ठेवा, मांडीवर ठेवा, कुठेही ठेवा,” तो म्हणाला.

मुलगी म्हणाली, “मांडीवर नाहीच. मागे, खुर्चीत, पट्टा लावून. आणि त्या वायरी परत जोड. तू रोज हायवेने जातोस, तुझ्यासाठीच आहे ती पिशवी.”

हे सगळं माझ्या नणंदेच्या कानावर गेलं. ती धर्ममाता होणार होती. तिला मूल झालं नाही. त्याबद्दल लोक तिला बोलले ते तोंडावर बोलले आणि तिने ते तोंडावर परत दिलं, त्यामुळे तिची कीव करायची कोणाची हिंमत नव्हती. पण गावातल्या प्रत्येक बाप्तिस्म्याला ती आली, फुलं घेऊन आली आणि मागे उभी राहिली. पुढच्या सीटवर बसायचा मान तिला पहिल्यांदाच मिळत होता. लुगडं तिने महिनाभर आधी आणून ठेवलं होतं.

ती आली ती ओटीवरही टेकली नाही.

“वहिनी, मी काय रिकामी मांडी घेऊन चर्चला जाऊ? आणि पोर मागे बांधलेली, बाजाराला न्यायच्या कोंबडीसारखी?”

मुलगी म्हणाली, “आत्या, ब्रेक लागला तर बाळ हातात राहत नाही.”

“तुझ्या हातात राहत नसेल. माझे हात केळीचे लोंगर उचलून झालेत. मी पोरीला सोडीन असं वाटतं तुला?”

“तुम्ही सोडणार नाही. ती सुटेल.”

“आखातात शिकलीस वाटतं, माणसाला तोडून बोलायला,” असं म्हणून ती गेली. मुलगी बाळाच्या बाटल्या उकळायला आत गेली. मी मागे जाऊन विचारलं, “तू तिथे असलं काही बघितलंस का?” ती म्हणाली, “बघितलंय.” मी खोदलं नाही.

दोघीही मला खोट्या वाटेनात. मी चौथी शिकलेली, मला सांगून कळत नाही, बघून कळतं. परसात लाल भोपळा होता, बाळाएवढ्याच वजनाचा. तो साडीच्या फडक्यात गुंडाळला आणि मुलाला म्हटलं, मला मिठागराच्या रस्त्याने फिरवून आण.

“भोपळ्यासकट?”

“भोपळ्यासाठीच. मी पुढे बसते, हा मांडीवर. तू मला न सांगता ब्रेक दाब.”

“आई, तू म्हातारपणी काय शाळा उघडतेस?”

पण त्याने गाडी काढली. मी माझा पट्टा लावला, दोन्ही हातांनी भोपळा पोटाशी धरला. त्या रस्त्याला दुपारी माणूस नसतं. गाडी फार जोरात नव्हती, विरारच्या रिक्षा याहून जोरात जातात. मी तयार होते, बोटं एकमेकांत अडकवली होती. त्याने ब्रेक दाबला. भोपळा कधी गेला ते मला कळलंच नाही. हातात फडकं राहिलं. भोपळा, मातेला चिकटवल्याचा डाग होता तिथेच आपटला आणि फुटला. बिया माझ्या पायांवर पडल्या.

मुलाने गाडी कडेला घेतली. म्हणाला, “उद्या वायरी जोडून घेतो.”

मी तशीच नणंदेकडे गेले, लुगड्याला बिया चिकटलेल्या.

“भोपळा फुटला,” मी म्हटलं आणि झालं ते सांगितलं.

तिने ऐकून घेतलं. “म्हणजे मी भोपळेवाली, आणि तू मास्तरीण.”

“धरला मी होता. माझेही हात केळीतलेच आहेत.”

तिने माझ्या लुगड्यावरची एक बी काढून टाकली. मग म्हणाली, “मग मी चालत नेते तिला. पायांना कोणी ब्रेक लावत नाही.” मला ते पटलं. मुलीनेही मान डोलावली. आत्या रुसून राहू नये एवढंच तिला हवं होतं, फक्त बाळाला पणाला लावून नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी बँडवाले पुढे, त्यांच्यामागे नणंद बाळ घेऊन, मग आम्ही, आणि सगळ्यांत मागे माझ्या मुलाची गाडी, रिकामी खुर्ची मागच्या सीटवर बांधून. आळीतल्या बायका दारात आल्या. नणंद इतकी ताठ चालत होती की मला तिच्या कमरेची काळजी वाटली. पण पाच महिन्यांचं गुटगुटीत बाळ, डोक्यावर ऊन आणि वय साठीकडे. वाड्या संपून डांबरी रस्ता लागला तिथे तिची चाल मंदावली. मुलीने हात पुढे केला, तो तिने झटकला. आणखी थोडं चालली आणि थांबली. बँड वाजवत पुढे गेला.

“घाला हिला त्या खुर्चीत,” ती म्हणाली. “हात भरून आले. मलाही घाला कुठेतरी.”

मुलीने बाळाला बांधलं. पट्टा कसा ओढायचा, खांद्यावर किती घट्ट ठेवायचा, हे तिने आत्याला दाखवलं, आणि आत्याने एकदा स्वतः ओढून पाहिलं. मग ती बाळाशेजारी मागे बसली, तिलाही पट्टा लावला. पुढची सीट तशीच मोकळी राहिली.

चर्चच्या फाटकात पाहुण्या उभ्या होत्या. गाडी थांबली तशी एकीने आत वाकून बघितलं.

“काय गं, धर्ममाता मागे? आणि मांडी रिकामी?”

“रिकामी असू दे. खुर्ची भरलेली आहे. सरक.”

मुलगी घाईने दार उघडून बाळाला सोडवायला वाकली. फादर दाराशी येऊन उभे होते.

“थांब,” नणंद म्हणाली. “मी काढते.”

तिने लाल बटण दाबलं. पट्टा सुटला नाही. तिने अंगठा घट्ट रोवून परत दाबलं, तेव्हा सुटला. बाळाला उचललं, खांद्यावर घेतलं, झबलं नीट केलं आणि मागे न बघता पायऱ्या चढायला लागली. आम्ही तिच्यामागून गेलो.