घंटेनंतरची ओळ

मी जात्याच संशयी. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून बघणारा. नव्वदच्या दशकात चंद्रपूरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवायला लागलो, आणि पेपर तपासताना तर मला सगळीकडे कॉपीच दिसायची.

एका चाचणीत विचारलं होतं: नायट्रिक ऑक्साईड आणि ऑक्सिजनची अभिक्रिया दोन पायऱ्यांत होते, तिचा रेट लॉ, म्हणजे वेगाचं सूत्र, काढा. बारापैकी अकरा पेपरांत एकच चूक. पोरांनी मंद पायरीचा वेग बरोबर लिहिला होता, पण त्यातला मधला पदार्थ तसाच ठेवलेला. हा पदार्थ पहिल्या पायरीत तयार होतो नि दुसरीत संपतो. अंतिम सूत्रात त्याला जागा नसते. ही चूक दरवर्षीचीच, पोरं कच्ची, असं म्हणून मी लाल रेघा ओढल्या.

बारावा पेपर गोंडपिपरीकडच्या एका मुलीचा. वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिचं उत्तर बिनचूक होतं. अकरा जणांना जमलं नाही ते हिला कसं जमलं? गाईड लपवून आणलं असणार. मी प्राचार्यांच्या नावे तक्रार लिहून टाकली. ती पोचली असती तर मुलीचं वर्ष गेलं असतं. सही करण्याआधी तिला रिकाम्या वर्गात बोलावलं, तक्रारीचा कागद टेबलावर ठेवला नि म्हटलं, "फळ्यावर करून दाखव."

तिनं आधी वर्गातल्या नोट्सची वही उघडून माझ्यापुढे धरली.

"सर, तुमी इथीच थांबले होते. घंटी झाली, तुमी निघून गेले. पुढचं झालंच नाई."

वहीतली शेवटची ओळ माझीच होती, मी फळ्यावर लिहिलेली. मधल्या पदार्थासकट, अर्धवट. अकरा जणांनी ती जशीच्या तशी पाठ केली होती.

"मंग तुले कसं आलं?" माझ्याही तोंडून तिचीच बोली निघाली.

"त्या मधल्याले बाटलीतून मोजून टाकता येत नाई ना. मंग त्याले ठेवून काय करू?" तिनं खडू घेतला. पहिली पायरी दोन्ही बाजूंनी भरभर चालते, म्हणून मधला पदार्थ नायट्रिक ऑक्साईडच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तेवढं तिनं त्याच्या जागी टाकलं. चार ओळी. मला शरम वाटली.

मी कागद हळूच फाईलखाली सरकवू लागलो.

"राहू द्या सर," ती हात झटकत म्हणाली. "आल्याबरोबरच वाचला मी."