शेवंताबाईंची परीक्षा

हसायचं तेवढं हसा, पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल. माझी फजितीच तशी आहे!

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अंबरनाथला आमची छोटीशी ख्रिस्ती मंडळी होती आणि मी तिथला बारा वर्षं कारभार बघणारा पंच. आठवडाभर कारखान्यात माल तपासायचो, रविवारी चर्चमध्ये माणसं!

एका शनिवारी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना अचानक बदलापूरला एका आजारी माणसाकडे जावं लागलं. जाता जाता म्हणाले, "गायकवाड, उद्या शेवंताबाईंचा बाप्तिस्मा आहे. विश्वासाच्या मुख्य गोष्टी तेवढ्या विचारून घ्या."

मुख्य गोष्टी? अहो, माझ्याकडे त्यांची दोन पानी यादी तयारच होती!

शेवंताबाई उल्हासनगर कॅम्प पाचला राहायच्या आणि एका सिंधी शेठाणीकडे पापड लाटायच्या. या बाप्तिस्म्याची त्या वर्षभर वाट बघत होत्या. त्यासाठी नगरहून बहीणसुद्धा येऊन राहिली होती. माझा निरोप मिळताच बाई चर्चमध्ये धावतपळत आल्या, हाताला पीठ तसंच.

"प्रार्थना गुडघे टेकून करता ना?"

"न्हाई ओ दादा, गुडघं लई दुखत्यात. पाटावर बसूनच बोलते देवाशी."

मी वहीत लिहिलं, नम्रता कमी.

"उपासनेत टाळ्या वाजवता?"

"गाणं रंगलं की वाजत्यात आपोआप."

आपोआप! लिहिलं, संयम नाही.

"बरं, गाण्याला पेटी बरी का ढोलकी?"

"ढोलकी! पेटीवर मला झोप येती."

आता पेटी कोण वाजवायचं? मीच की हो!

वही मिटली. "बाई, तुमची तयारी झालेली नाही. नाताळाला बघू."

बिचारी पदराने डोळे पुसत निघून गेली. आणि मी? मंडळी बुडता बुडता वाचवल्याच्या थाटात घरी येऊन जेवलो!

संध्याकाळी पाळकसाहेबांनी वही वाचली. परत वाचली.

"गायकवाड, यात येशूबद्दलचा प्रश्न कुठाय?"

मी पान उलटलं. त्याच्या मागचं पाहिलं. वहीचा पुठ्ठासुद्धा पाहिला.

"तो... राहिला वाटतं."

"ढोलकी बरी विसरला नाहीत! तारणारा तेवढा राहिला?"

तसेच रिक्षा करून आम्ही कॅम्प पाच गाठलं. बहीण परत जायला पिशवी भरत होती. ते बघून मी उंबऱ्यातच हात जोडले. "बाई, चुकलो. माझ्या आवडीनिवडी मी देवाच्या नावावर खपवल्या. खरा प्रश्न एकच होता, तोच विसरलो. येशू कोणासाठी मेला?"

"माज्यासारख्या पाप्यांसाटी," बाई पटकन म्हणाल्या. "मेला, अन् तिसऱ्या दिशी उठला. त्याच्यावरच समदा भार टाकलाय म्या."

"उद्या सकाळी नऊला या," पाळकसाहेब म्हणाले. बहिणीने पिशवी खाली ठेवली.

मी मात्र मान खाली घालून उभा. शेवंताबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे धरला आणि पोराची समजूत काढावी तशा हळूच म्हणाल्या,

"घाबरू नगा दादा. तुमच्यासाटी बी मेलाय त्यो."