सत्यशीला सिस्टरचं तोंड

सत्यशीला सिस्टरशी माझं कधी पटलं नाही. ऐंशीनंतरची वर्षं, अहेरीच्या पुढे जंगलातला लहानसा दवाखाना. एक डॉक्टर, मी कंपाउंडर, ती ब्रह्मपुरीकडून बदलून आलेली नर्स. तोंड असं की रोग्यापेक्षा नातेवाईकच जास्त घाबरायचे.

पावसाळ्यात साप चावलेली माणसं खाटेवर यायची, तीही आधी गावच्या पुजाऱ्याकडून, म्हणजे झाडफूक करणाऱ्याकडून. पुजारी कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायचा. गोड लागला तर विष चढलं, कडू लागला तर घरी जा. मण्यार चावली की माणूस सुरुवातीला ठणठणीत दिसतो, पालाही कडूच लागतो. मग त्यानं मान टाकली की यांना दवाखाना आठवायचा.

मंगरूनं बायकोला, सीताला, असंच आणलं. सुई टोचायच्या आत ती गेली. सिस्टर सगळ्यांदेखत त्याच्यावर तुटून पडली.

"सापानं नाई मारलं तिले, तू मारलं! पाला चारत बसला, इथी काऊन नाई आणलं?"

मंगरूनं असं पाहिलं की मला वाटलं, आता हात उगारतो. तो गेल्यावर मी तिला सुनावलं, "जखमेवर मीठ कशाले चोळता, बाई?"

"मी शिव्या नाई देल्या तं मले घरी जेवण जात नाई, भाऊ. कोणाचं तरी चुकलंच पाह्यजे."

काय बाई आहे, असं मनात म्हणत मी निघून गेलो.

पुढच्या पावसाळ्यात उजाडताच मंगरू पोरीला, रंभाला, सायकलवर घेऊन आला. पुजाऱ्याच्या दारावरूनच आला, पण थांबला नाही. पोरगी बोलत होती. सापाचं इंजेक्शन लगेच दिलं. तरी दुपारी तिच्या पापण्या मिटू लागल्या, श्वास अडकला. श्वासाचं यंत्र आमच्याकडे कुठलं? सिस्टर रबरी फुगा दाबत राहिली, मला हात लावू देईना. पोरगी गेली तरी ती दाबतच होती; शेवटी डॉक्टरांनीच सिस्टरचा हात धरून थांबवला.

मंगरू सिस्टरसमोर येऊन उभा राहिला. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसता राग होता.

"बोला ना बाई. आता काऊन गप? माझं काय चुकलं?"

सिस्टरनं डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तुमचं काईच नाई चुकलं, भाऊ."

"असं नका म्हणू," मंगरू ओरडला. "शिव्या द्या. मागच्या वेळी देल्या तशा द्या!"

तिनं तोंड उघडलं. पण तिला त्या देता आल्या नाहीत.