पेड्स की पेट्स

आमच्या घरात वरच्या कपाटातला डबा काढायला स्टूल लागत नाही, मुलाला हाक मारली की झालं. शाळेच्या शेवटच्या वर्षाला आला तेव्हाच तो बापाच्या डोक्यावरून पलीकडचं बघायला लागला होता. एवढा उंच मुलगा दिसला की शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये भेटेल तो विचारायचा, बास्केटबॉल खेळतोस का? तो सांगायचा, नाही, मी छोट्या मुलांना स्विमिंग शिकवतो. लोकांचा चेहरा पडायचा.

लहान मुलं त्याला गोचिडासारखी चिकटत. एकदा शेजारच्या घरातलं पोरगं कान दुखण्यावरचं गुलाबी औषध काही केल्या घेईना. त्याची आई रडकुंडीला आलेली, बाप आयपॅडची लाच देऊन थकलेला. माझा मुलगा गेला, त्याने त्या पोराचा प्लॅस्टिकचा डायनोसॉर मांडीवर घेतला आणि पोराला दम भरला, "हे फक्त डायनोसॉरचं आहे. तू हात लावायचा नाही." मग औषधाची पिचकारी डायनोसॉरच्या तोंडाशी नेऊन स्वतःच मचमच आवाज काढले. पोराने थोडा वेळ सहन केलं, मग झडप घालून सगळं औषध पिऊन टाकलं. त्यावर माझा मुलगा खोटं खोटं रडला, तेव्हा कुठे त्या पोराचं समाधान झालं.

त्यामुळे कॉलेजचे अर्ज भरायची वेळ आली आणि एका संध्याकाळी गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "आई, आय वॉन्ट टु डू नर्सिंग. पेड्स," तेव्हा मला फारसा धक्का बसला नाही.

"पेड्स म्हणजे?"

"पीडियाट्रिक्स. किड्स."

इथे लहान मुलांच्या नर्सिंगची वेगळी पदवी नसते, हे त्यानेच सांगितलं. आधी चार वर्षं सगळ्या वयाच्या माणसांचं नर्सिंग शिकायचं, मग मुलांच्या वॉर्डात जायचं. "म्हणजे म्हातारे पण करावे लागतील," तो जरा नाराजीने म्हणाला.

"मग डॉक्टर का नाही?" मी विचारलं. मराठी आईला हा प्रश्न एकदा तरी विचारावाच लागतो.

"डॉक्टर येतो, पाच मिनिटं बोलतो, जातो. आय वॉन्ट टु बी द वन हू विल स्टे."

मी फक्त म्हटलं, "बाबाला तूच सांग."

आता बाबाबद्दल. मी नागपूरची, नवरा पुण्याचा. समोर काहीही ठेवा, तो आधी त्यातली चूक दुरुस्त करतो. हॉटेलच्या मेन्यूतलं स्पेलिंग, जीपीएसने सांगितलेला रस्ता, माझा 'ळ'. ऑफिसातही त्याला त्याचेच पैसे मिळतात. त्या दिवशी जेवताना त्याच्या एका कानात अजून ऑफिसची मीटिंग चालू होती. मुलाने पोळीचा घास तोंडात कोंबत सांगून टाकलं, "बाबा, आय डिसायडेड. आय वॉन्ट टु डू पेड्स."

"पेट्स?" नवऱ्याने विचारलं.

"येस," मुलगा घासातून म्हणाला.

नवरा वरणभात कालवायला लागला. "नीट विचार केलायस?"

"अ लॉट."

"मग ठीक आहे. कर."

मुलगा डोळे विस्फारून माझ्याकडे बघायला लागला. मी पेट्समधला 'ट' लख्ख ऐकला होता. पण मी फक्त लोणच्याची बरणी पुढे सरकवली. घरात इतक्या शांततेत इतका मोठा निर्णय कधी झाला नव्हता. तो बिघडवायची मला काय हौस? शिवाय पुढे काय होतं ते बघायचं होतं.

पुढे फारच छान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नवरा म्हणाला, "मी वाचलं जरा. ॲडमिशन मेडिकलपेक्षाही अवघड असते म्हणे. म्हणजे तसं कमी नाही काही." समोरच्या घरातल्या लॅब्राडॉरकडे तो नव्या आदराने बघायला लागला. एकदा तर फुटपाथवर उभा राहून त्याचे दात बघून आला.

"एकच काळजी वाटते," तो मला म्हणाला. "लाथा मारतात गं."

त्याच्या मनात घोडे होते. मी म्हटलं, "छोटे असतात. मारतील थोड्या. त्याला सवय आहे."

"चावतात पण."

"चावतात," मी मान्य केलं.

शनिवारी जवळच्याच शॉमबर्ग गावात एका मित्राकडे मिसळ होती. मुलगाही आला होता, मिसळीसाठी. नवऱ्याने रश्श्याची पहिली वाटी संपायच्या आत विषय काढला. "आमचा व्हेटरिनरीला जातोय. सगळे कॉम्प्युटर सायन्स करतात यार, काहीतरी वेगळं करायला धाडस लागतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. यजमान काका मुलाकडे वळले. "काय रे, कुत्री-मांजरं का गाई-म्हशी?"

मुलगा गोंधळला. "नो काका, ॲनिमल्स नाही. किड्स. नर्सिंग."

नवऱ्याने पाव रश्श्यात बुडवला होता, तो तिथेच राहिला आणि विरघळला. शेवटी काकू मदतीला धावल्या. "म्हणजे आधी नर्स, मग चार-पाच वर्षांनी डॉक्टर, असं ना?"

"प्रमोशन नसतं काकू, ते वेगळंच काम आहे."

"पण आपल्याकडे सिस्टर म्हणतात," काका म्हणाले. "मग मुलगा असेल तर?"

"ब्रदर," मी म्हटलं. "नागपूरच्या दवाखान्यात मी स्वतः हाका मारल्यात. आणखी शेव आहे का?"

परतताना मुलगा मागच्या सीटवर हेडफोन लावून बसला. नवऱ्याने हायवेवर लेन बदलली आणि इंडिकेटर तसाच टिकटिकत ठेवला, घर येईपर्यंत. मधेच त्याने हळू आवाजात विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"तू पेट्स म्हणालास, तो येस म्हणाला. मला वाटलं तुमचं जमलंय."

तो हसला नाही. पण रागावण्यात त्याला अडचण होती, कारण धाडसाचं भाषण त्यानेच दिलं होतं आणि साक्षीदार भरपूर होते. मग तो मुद्द्यावर आला. "नर्सिंग वाईट आहे असं म्हणत नाही मी. पण दिवसभर उभं राहायचं, मुलं रडणार, अंगावर ओकणार. रक्त बघून याला चक्कर आली तर?"

"चक्कर तुला येते," मी म्हटलं. "याच्या जन्माच्या वेळी नर्सने मला सोडून तुला धरलं होतं."

घरी पोचल्यावर त्याने जाहीर केलं, आधी कॉलेज बघू, मग बोलू.

म्हणून ऑक्टोबरात आम्ही मिशिगनमधल्या एका युनिव्हर्सिटीच्या ओपन डेला गेलो. नवऱ्याने रस्ताभर प्रश्न तयार केले होते आणि तिथे गेल्यावर एकेक करून सगळे विचारले. मुलगा आमच्यापासून दोन कुटुंबं अंतर राखून चालत होता. शेवटी आम्हाला सरावाच्या वॉर्डात नेलं. खरेच पलंग, खरीच यंत्रं, फक्त पेशंटच्या जागी बाहुले. एका छोट्या पलंगावर पाचेक वर्षांच्या मुलाएवढा बाहुला निजला होता. त्याची छाती वरखाली होत होती, डोळ्यांची उघडझाप चालू होती. नवरा त्याच्यापासून जरा लांबच उभा राहिला.

शिकवणाऱ्या बाईंचे केस पांढरे होते आणि पायात गुलाबी बूट होते. त्यांनी सांगितलं, या मुलाचा आवाज काचेमागच्या खोलीतून माईकवर देतात. कोणी यायला तयार आहे का? माझ्या मुलाचा हात सगळ्यांच्या डोक्यांवरून वर गेला आणि पाठोपाठ तोही काचेमागे गेला. मग बाईंना एक बाबा हवे होते. त्यांनी नेमका आमचा बाबा निवडला, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्यानेच विचारले होते. त्याला पलंगाशेजारच्या खुर्चीत बसवलं आणि बाईंनी हातात इंजेक्शन घेतलं.

बाहुल्याने डोळे मिचकावले आणि तो म्हणाला, "बाबा, ही बाई मला टोचणार आहे?"

नवरा खुर्चीतून उडालाच. घरी त्याने मराठीत काही विचारलं की मुलगा इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, आणि इथे एक रबरी पोरगं त्याला मराठीत हाक मारत होतं. त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "नाही रे राजा, नाही टोचणार."

"पण तिच्याकडे मोठा सुई आहे."

"मोठी," नवरा म्हणाला. "सुई ती असते."

मी पर्समध्ये तोंड घातलं. खोलीतल्या बाकीच्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण एक माणूस बाहुल्याचं काहीतरी सुधारतोय एवढं कळलं आणि हशा पिकला.

"मोठी सुई," बाहुला शहाण्यासारखा म्हणाला. "बाबा, तू फ्लू शॉटच्या वेळी पण असंच म्हणालास. मग त्यांनी टोचलं."

हशा चालूच होता, पण नवरा हसत नव्हता. त्याने काचेकडे बघितलं. काचेमागे अंधार होता, काही दिसत नव्हतं. मग तो पुन्हा बाहुल्याकडे वळला, खुर्ची पुढे ओढली आणि त्याचा रबरी हात हातात घेतला. "बरं. टोचणार आहेत. थोडं दुखेल. मी इथेच बसलोय."

"किती वेळ?"

"झालं की आपण घरी जाऊ. तोवर."

"ओके," बाहुला म्हणाला. "टोचा."

बाईंनी आम्हाला विचारलं, हे दोघे काय बोलले? मी भाषांतर करून सांगितलं, सुईच्या लिंगाचा भाग वगळून. त्या म्हणाल्या, मुलांना दुखणार नाही असं कधीच सांगायचं नाही, हे आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो. मुलगा काचेमागून बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. बापाने त्याच्या पाठीवर थाप मारली, ती खांद्यापर्यंत पोचत नाही म्हणून जरा खालीच. "तुझं मराठी सुधारायला हवं," एवढंच म्हणाला.

त्या कॉलेजात त्याला प्रवेश मिळाला आणि तो तिथेच गेला. पहिली दोन वर्षं रसायनशास्त्र आणि म्हातारे यांनी त्याला पुरतं घुसळून काढलं. शरीरशास्त्राच्या एका परीक्षेत जेमतेम पास झाला, तेव्हा फोनवर रडलासुद्धा. बापाने त्याला सोडून दे म्हटलं नाही. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बसून त्याच्याकडून हाडांची नावं घोकून घेतली आणि अर्थातच उच्चार दुरुस्त केले.

या वर्षी त्याला पहिल्यांदा मुलांच्या वॉर्डात पाठवलं. परवा रविवारी दुपारी त्याचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला. एका छोट्या मुलीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. आता तिने चालायला हवं होतं आणि ती पलंगावरून पाय खाली टाकायला तयार नव्हती. मग आमच्या चिरंजिवांनी तिच्यासमोर तिची जेली पळवली आणि कॉरिडॉरमध्ये धूम ठोकली. धूम म्हणजे काय, साडेसहा फुटांचा माणूस कासवाच्या चालीने पुढे, आणि मागे सलाइनचा स्टँड ढकलत, पोटावर हात धरून, "स्टॉप, थीफ!" ओरडणारी ती. दोन चकरा झाल्या. सीनियर नर्सने आवाज कमी करा म्हणून दोघांनाही झापलं.

नवरा हातातलं काम टाकून ऐकत होता. "मग? पकडलं का तिने?"

"जेली दिली परत. पण पकडू नाही दिलं," मुलगा म्हणाला. "उद्या पण चालायचंय ना तिला, बाबा."